माझी जागा मधल्या तारेवर

मित्रांनो, समुद्र जिथून दीड-दोनशे किलोमीटर दूर आहे अशा गावात माझी पहिली चार वर्षे गेली. तरीही मी एक शीड आहे. जुना आहे, खाकी आहे आणि शीड म्हणून फारच लहान आहे. होडीचे मोठे शीड पसरले तर त्याखाली लग्नाची पंगत बसेल. माझ्याखाली चार माणसे मांडीला मांडी लावून बसली, तर पाचव्याचे पाय उन्हात राहतील.

मला वादळी शीड म्हणतात. वारा इतका वाढला की मोठी शिडे फाटू लागतात, तेव्हा ती उतरवायची आणि मला चढवायचे, एवढेच माझे काम. खऱ्या वादळात मी एकदाच उभा राहिलो. रविवार, २४ सप्टेंबर १९९५. त्या दिवशी मला आधी चुकीच्या जागी बांधले आणि नंतर बरोबर जागी. मध्ये अकरा मिनिटे गेली. सांगायचे आहे ते त्या अकरा मिनिटांविषयी, पण ती समजायला थोडे मागे जावे लागेल.

माझा जन्म केडगावचा. पुणे रस्त्यालगत बनुबाई ट्रकच्या ताडपत्र्या शिवत असे. १९९३ च्या डिसेंबरात तिच्याकडे भिमाजी नावाचे गृहस्थ आले. नौदलात बावीस वर्षे काढून ते देवळाली प्रवऱ्याला घरी परतले होते. त्यांनी एक आकृती पुढे ठेवली.

बनुबाईने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "दादा, कोनच्या ट्रकला तीनच कोपरे असत्यात?"

"ट्रकला नाही बाई, होडीला."

"आन् होडी कुठं चालवनार? सीना नदीत? तिथं म्हशी बसायला पानी न्हाई."

"मुळा धरणात."

ती हसली, पण शिवताना तिने थट्टा केली नाही. कोपऱ्यांवर कापडाच्या चार घड्या घातल्या, शिलाई तिहेरी मारली, पितळी कड्या ठोकल्या. माझ्या पुढच्या काठावर तारेत अडकवायचे नऊ आकडे लावले. देताना तिने एका कोपऱ्यावर पाय ठेवला आणि दुसरा दोन्ही हातांनी ओढला.

"फाटलं तर परत आना," ती म्हणाली. "पर तुमी येनार न्हाई."

होडी देवळाली प्रवऱ्यातच तयार होत होती, गहिनीनाथ सुताराच्या कारखान्यात. गहिनीनाथ आणि भिमाजी एका वर्गात शिकलेले. गहिनीनाथने आयुष्यभर बैलगाड्या केल्या, होडी ही पहिलीच. बावीस फूट लांब, आत झोपायला दोन फळ्या आणि एक स्टोव्ह. एक दिवस ती कोकणात न्यायची आणि या बंदरातून त्या बंदरात फिरायचे, असा भिमाजींचा बेत होता. तोवर सराव मुळा धरणावर. होडीचे नाव 'मेत्ता' भिमाजींच्या मुलीने, प्रज्ञाने, ठेवले. पाली भाषेत मेत्ता म्हणजे मैत्री. पाण्यात सोडताना भिमाजींच्या घरच्यांनी त्रिशरण म्हटले आणि गहिनीनाथने पुढच्या टोकावर नारळ फोडला. दोघांनी एकमेकांच्या विधीला मान डोलावली.

गहिनीनाथची एक पद्धत सांगून ठेवतो, कारण पुढे ती कामी आली. नवी गाडी झाली की तो गल्लीतली पोरे तिच्यावर बसवी आणि त्यांना पुढे-मागे सरकवी. ओझे पुढे आले तर गाडी बैलांच्या मानेवर बसते. मागे गेले तर पुढचा भाग वर उचलतो. ओझे दोन चाकांच्या मधल्या आखावर नेमके आले, की जू दोन बोटांनी उचलता येते. तसे उचलता आले की गाडी पास. लहानपणी त्या पोरांत प्रज्ञाही असे. "पोरी, इतभर मागं सरक," हे वाक्य तिने शेकडो वेळा ऐकले होते.

आता होडीच्या दोन तारा. मधोमध डोलकाठी. तिच्या शेंड्यापासून होडीच्या पुढच्या टोकापर्यंत एक तार, ती पुढची तार. पुढचे मोठे शीड तिच्यावर चढते. दुसरी तार डोलकाठीच्या शेंड्याच्या थोडे खालून निघते आणि टोक व डोलकाठी यांच्या मध्ये, डेकवरच्या एका कडीत, लोखंडी खिळीने अडकते. ती मधली तार. भिमाजींनी ती केवळ माझ्यासाठी लावून घेतली होती.

गहिनीनाथला ते पटले नाही.

"बैल गाडीच्या फुडं जुंपत्यात का मदी?" त्याने विचारले. "वढायचंय ना? मंग वढनारा टोकाला पायजे."

"गहिन्या, हे वादळी शीड आहे. ते मधल्या तारेलाच लागतं."

"पर का?"

"लागतं म्हणजे लागतं. आम्हाला असंच शिकवलंय."

"ही तुझी नेव्ही न्हाई, भिमा. आन् मी तुझा शिपाई न्हाई."

मित्रांनो, मला दोघांचीही चूक नोंदवली पाहिजे. गहिनीनाथ हट्टी होता. पण 'का' या प्रश्नाला उत्तर होते आणि भिमाजींनी ते दिले नाही, हुकूम दिला. त्यानंतर पावणेदोन वर्षे मी पिशवीतून बाहेर निघालो नाही. धरणावर माझी गरज पडेल असे कोणालाच वाटले नाही.

मधली तार मात्र रोज आडवी येई. डेकवर ये-जा करताना गहिनीनाथचे डोके तिच्यावर दोनदा आपटले. तिसऱ्यांदा आपटले तेव्हा त्याने खीळ काढली, तार डोलकाठीला सुतळीने बांधून टाकली आणि खीळ खिशात घालून घरी नेली. कारखान्यात एका खिळ्याला ती अडकवून ठेवली. भिमाजींनी डोलकाठीला बांधलेली तार पाहिली. नको तेव्हा ती तशी बांधून ठेवायला हरकत नसते. खीळ कडीतच असणार असे त्यांनी धरले. बावीस वर्षे इतरांची तपासणी घेतलेल्या माणसाने वाकून ती कडी पाहिली नाही.

आता तो रविवार. धरण काठोकाठ भरलेले. होडीत भिमाजी, गहिनीनाथ आणि प्रज्ञा. ती तेव्हा बावीस वर्षांची, राहुरीला शेतकीचे शिकत होती. भिमाजींनी तिघांनाही तरंगणारी जॅकेटे घालायला लावली होती. गहिनीनाथला पोहता येत नव्हते. पुढे ज्या वेळा सांगतो त्या भिमाजींच्या नोंदवहीतल्या आहेत.

तीन पस्तीसला पश्चिमेला आभाळ जांभळे झाले. होडी पाण्याच्या मध्यावर होती. पूर्वेला दोन किलोमीटरवर धरणाची भिंत. तुम्ही दुरून पाहाल तर ती गवताची टेकडी वाटेल, पण पाण्याच्या बाजूने तिला काळ्या दगडांचा उतार आहे.

तीन पन्नासला वारा आला. तो वाढत वाढत आला नाही, एकदम आला. पुढचे मोठे शीड वरपासून खालपर्यंत फाटले आणि चिंध्या फडफडू लागल्या. मागचे लहान इंजिन भिमाजींनी दोनदा सुरू केले. दुसऱ्यांदा त्यावरून लाट गेली आणि ते बंद पडले. मागचे मोठे शीड त्यांनी गुंडाळत आणून एक पट्टी उरेल इतके लहान केले. ती गाठ मारत असताना शिडाखालची आडवी काठी सुटली आणि त्यांच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज पिशवीत मलाही आला.

"बाबा!"

"सुकाणू सोडू नकोस," भिमाजी म्हणाले. ते होडीच्या तळाशी बसले होते, तोंड पांढरे पडले होते. डाव्या हाताने त्यांनी उजवे मनगट वळवून घड्याळ पाहिले. "तीन सत्तावन्न. भिंत दीड किलोमीटर. गहिन्या, लहान शीड काढ. मधल्या तारेला बांध."

नांगर का टाकला नाही, असे तुम्ही विचाराल. दोर साठ फूट होता. भिंतीपर्यंत सगळीकडे पाणी त्याहून खोल. आणि जॅकेट माणसाला पाण्यावर ठेवते, दगडापासून वाचवत नाही.

गहिनीनाथने कमरेला दोर बांधला, मला पिशवीतून ओढले आणि पोटावर सरकत पुढे निघाला. कडीपाशी तो थांबला. कडी रिकामी होती. खीळ कुठे आहे हे जगात त्यालाच ठाऊक होते. ती सतरा-अठरा किलोमीटरवर, त्याच्या कारखान्याच्या भिंतीला लटकत होती.

त्याने मागे वळून पाहिले नाही. तो तसाच पुढे सरकला, टोकापर्यंत. फाटलेले शीड त्याने कापून टाकले आणि माझे आकडे पुढच्या तारेत अडकवले. खीळ नव्हती म्हणून, की बैल पुढेच जुंपतात म्हणून? मला वाटते दोन्ही. लाज आणि हट्ट त्या क्षणी एकाच दिशेला ओढत होते.

चार वाजून तीन मिनिटांनी मी वर चढलो.

बनुबाईची शिलाई टिकली. वारा माझ्यात भरला आणि मी सगळा जोर लावून ओढले. पण मी होतो होडीच्या अगदी नाकावर. मी नाक धरून वाऱ्याच्या दिशेने फिरवले आणि वारा भिंतीकडे चालला होता. होडी धावू लागली. मी जितके चांगले काम करीत होतो, तितके आम्ही दगडांच्या जवळ जात होतो. शिवाय टोकावरच्या ओढीने नाक पाण्यात बुडत होते. दर तिसरी लाट माझ्या पोटात घुसत होती.

"फिरत नाहीये!" प्रज्ञा ओरडली. तिने सुकाणू छातीशी धरून सगळे अंग त्यावर टाकले होते. "बाबा, ती फिरतच नाहीये!"

"चार पाच. बाराशे मीटर," भिमाजी म्हणाले. मग त्यांचे लक्ष वर गेले. "गहिन्या, मधल्या तारेला! मधल्या!"

"फुडं लावलंय! वढतंय की!"

"काढ ते! मी सांगतो म्हणून काढ!"

"इतक्या वाऱ्यात काढलं तर हातचं जाईल, भिमा!"

दोघे पुन्हा कारखान्यातले झाले. एक हुकूम देत होता, दुसरा अडत होता, आणि भिंत दिसू लागली होती. दगडांवर लाटा आपटून पांढरे पाणी माणूसभर उंच उडत होते.

"चार सात. हजारावर नाही."

तेव्हा प्रज्ञाने हुकूम दिला नाही. ती ओरडली, "काका, गाडी पुढं जड झालीय! बैलाच्या मानेवर बसलीय! ओझं आखावर घ्या!"

गहिनीनाथने पहिल्यांदाच मागे पाहिले. पोर सुकाणूवर लोंबकळत होती. त्याने डोलकाठीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग डोलकाठीकडे. साठ-सत्तर गाड्या तोलून पाहिलेली नजर होती ती. ती एका क्षणात सगळे मोजून मोकळी झाली.

"आयला," तो म्हणाला. "आख तिथं हाय व्हय!"

मग त्याने कोणाची वाट पाहिली नाही. मला खाली ओढले. मी फडफडलो तेव्हा माझ्या मागच्या कोपऱ्याची पितळी कडी त्याच्या कपाळावर बसली आणि रक्त डोळ्यांत उतरले. एका हाताने आणि दातांनी त्याने नऊही आकडे सोडवले, मला छातीखाली दाबले आणि मागे सरकला. सुतळी कापून मधली तार खाली घेतली. कडीत धरली. आता खीळ हवी होती.

"भिमा," तो म्हणाला, "खीळ घरी हाय. म्याच काढली."

भिमाजींनी घड्याळ पाहिले. "चार दहा. सहाशे मीटर," ते म्हणाले. आणि मग, "दुसरं काय आहे जवळ?"

गहिनीनाथच्या कमरेला लाकूड कोरायची पटाशी होती. बापाने दिलेली, जाड पोलादाची. रोज सकाळी तो तिला धार लावी आणि पोरांना तिला हातही लावू देत नसे. त्याने ती उपसली, तारेच्या टोकातून आणि कडीतून आरपार घातली, आणि मूठ डाव्या टाचेने ठोकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती बसली. तार ताणली. माझे आकडे एकेक करून तारेत गेले. अडकवताना त्याने मोठ्याने मोजले, नऊपर्यंत.

चार वाजून चौदा मिनिटांनी मी दुसऱ्यांदा वर चढलो. भिंत तीनशे मीटर.

मित्रांनो, वारा तोच होता आणि मीही तोच होतो. जागा फक्त सहा फुटांनी मागे सरकली होती. पण आता माझी ओढ डोलकाठीजवळ, खाली, होडीच्या मधोमध येत होती. पुढे मी आणि मागे शिडाची उरलेली पट्टी, असा दोन्हीकडचा भार जुळला. नाक पाण्यातून वर आले. होडी थरथरली, कलली, आणि फिरू लागली. हळू, फार हळू. आधी भिंतीचे एक टोक समोरून सरकले, मग दगड डाव्या बाजूला आले. आम्ही भिंतीकडे न जाता भिंतीच्या कडेने धावू लागलो. दगड इतके जवळ होते की त्यांवरून परतलेले पाणी माझ्यावर पडत होते. भिमाजींनी शेवटची नोंद केली ती अशी: चार अठरा, वीस फूट.

आणि भिंत संपली. तिच्या दक्षिणेला टेकडीच्या आडोशाला पाणी शांत होते.

"काका," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज रडण्यासारखा येत होता, पण ती हसत होती. "हे बघा."

तिने सुकाणू दोन बोटांत धरले होते.

काठाला लागल्यावर गहिनीनाथने पटाशी कडीतून ठोकून काढली. ती कोपरासारखी वाकली होती. त्याने तिला धोतराच्या सोग्याने पुसले.

"नवी घेऊन देतो," भिमाजी म्हणाले.

"तू आदी हाड जुळवून घे." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू ते आखाचं तवाच सांगितलं असतंस तर?"

"मला आखाचं काय ठाऊक? तू विचारलंस तेव्हा मी नीट सांगायला हवं होतं, एवढं खरं."

पुढच्या रविवारी, कोणी न सांगता, गहिनीनाथने खीळ परत आणली. तिला बारीक साखळी जोडून ती कडीशी कायमची अडकवली, म्हणजे कोणाच्या खिशातून घरी जायला नको. माझी पिशवी मधल्या तारेच्या पायथ्याशी बांधली. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, वारा नसताना, तो आणि प्रज्ञा मला आळीपाळीने डोळे मिटून चढवीत आणि भिमाजी घड्याळ धरत. ते माझे चांगले दिवस. लोक काठावरून विचारत, "हा रुमाल कशाला वाळत घातलाय?" गहिनीनाथ म्हणे, "हा आमचा धाकटा बैल हाय."

मग विस्मरण आले. भिमाजींचा खांदा पूर्वीसारखा झालाच नाही. प्रज्ञाला रत्नागिरीजवळ नोकरी लागली आणि १९९७ च्या नोव्हेंबरात 'मेत्ता' ट्रकवर चढून तिच्याकडे गेली. निघण्याच्या आदल्या दिवशी मला धुऊन कारखान्यात वाळत घातले होते. संध्याकाळी अवकाळी शिंतोडे आले, तेव्हा कोणीतरी मला ओढून सागाच्या फळ्यांवर टाकले. ट्रक गेला. मी फळ्यांवर राहिलो. माझ्यावर भुसा साचला, एका कोपऱ्यात उंदराने घर केले. मला त्याचे वाईट वाटले नाही. वाईट एकाच गोष्टीचे वाटे. मधल्या तारेच्या पायथ्याशी पिशवी असेल, दुसऱ्या कशाने तरी फुगलेली दिसेल, आणि आत मी नसेन.

फेब्रुवारीत प्रज्ञाचे पत्र आले. येत्या रविवारी ती पहिल्यांदाच होडी बंदराबाहेर, उघड्या समुद्रात नेणार होती. भिमाजी पत्र घेऊन कारखान्यात आले आणि गहिनीनाथला वाचून दाखवू लागले. ऐकता ऐकता गहिनीनाथने रंध्यासाठी वरची फळी ओढली. तिच्यावरचा मी जमिनीवर पडलो.

भिमाजी पत्रातली तारीख पुन्हा वाचत होते.

"आज गुरुवार," गहिनीनाथ म्हणाला.

"पोस्टाने पोचायचं नाही."

"पोस्टानं कोन धाडतंय?"

त्याने मला झटकले, उंदराने कुरतडलेल्या कोपऱ्यावर मेणदोऱ्याने दुहेरी टाके घातले आणि गोणीत भरले. शनिवारी पहाटेच्या एसटीत गोणी मांडीवर घेऊन बसला.

"काय हाय बाबा गोनीत?" कंडक्टरने विचारले.

"बैल."

"ऑ?"

"ल्हान हाय. पर वादळात वढतो."

रविवारी सकाळी आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा 'मेत्ता'चा मागचा दोर सोडलेला होता आणि पुढचा प्रज्ञाच्या हातात होता. तिने गहिनीनाथला पाहिले, गोणी पाहिली, आणि वळून त्या फुगलेल्या पिशवीकडे पाहिले. तिने पिशवी उघडली. आत जुने दोर कोंबलेले होते.

गहिनीनाथ रागावला नाही. तो होडीत चढला, वाकला आणि कडी पाहिली. खीळ साखळीला लटकत होती. त्याने मला तिथे ठेवले.

"डोळे मीट," तो म्हणाला. "आन् बांद."

प्रज्ञाने डोळे मिटले. तिचे हात आधी चाचपडले, मग त्यांना वाट आठवली. कडी, तार, खीळ. नऊ आकडे. ती मोठ्याने मोजत होती आणि परत धक्क्यावर उतरलेला गहिनीनाथही तिच्याबरोबर ओठ हलवत होता.

"नऊ," ती म्हणाली.

"आता जा."

तेव्हापासून मी इथे आहे, मधल्या तारेच्या पायथ्याशी, माझ्या पिशवीत. मला गोणीत भरताना गहिनीनाथने फळीचा एक तुकडा माझ्या कडीला बांधला होता, तो अजून तसाच आहे. त्यावर सुताराच्या पेन्सिलीने लिहिले आहे : 'जागा मधली तार. टोकाला नाही.'

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे काहीतरी असेल, क्वचित लागणारे आणि म्हणूनच विसरलेले. त्याची पिशवी फुगलेली दिसते एवढ्यावर समाधान मानू नका. वारा नसलेल्या एखाद्या रविवारी ती उघडा, आत काय आहे ते पाहा, आणि कोणी 'का' म्हणून विचारले तर त्याला समजेल अशा शब्दांत सांगा. मग डोळे मिटा आणि हाताला वाट दाखवून ठेवा.